‘मॉडरेट मुस्लिम’ : दोन शब्दांचं व्याकरण

कुठे स्फोट झाला, कुठे दगडफेक झाली किंवा एखाद्या मौलानांनी काही अचाट विधान केलं, की दोन-तीन दिवसांत इंग्रजी वर्तमानपत्रांच्या संपादकीय पानावर एक वाक्य हमखास येतं. मॉडरेट मुस्लिमांनी आता पुढे येऊन बोललं पाहिजे. लिहिणारा बहुतेक वेळा सज्जन असतो. त्याला खरोखरच शांतता हवी असते. त्याच्या हेतूवर मला काही म्हणायचं नाही. मला बोलायचं आहे ते त्या वाक्यातल्या पहिल्या दोन शब्दांबद्दल, कारण वाक्य पुरं होण्याआधीच त्या दोन शब्दांनी बरंच काही सांगून टाकलेलं असतं.

रचना अगदी साधी आहे. आधी विशेषण, मग नाम. मराठीतही हाच क्रम चालतो, म्हणून ही जोडी इंग्रजीतून उचलायला आपल्याला काहीच त्रास झाला नाही. ‘उदारमतवादी मुस्लिम’, ‘राष्ट्रवादी मुस्लिम’, ‘सुधारणावादी मुस्लिम’, ‘पुरोगामी मुस्लिम’ असे छाप मराठी पत्रकारितेत तयारच आहेत. शेवटचा शब्द सांगतो की माणूस मुळात कोण, आणि आधीचा शब्द सांगतो की त्यातला कोणता.

पण विशेषण नेहमी हेच एक काम करत नाही. ‘थंड बर्फ’ म्हटलं तर कुठेतरी गरम बर्फही असेल अशी शंका कुणाला येत नाही. तिथे विशेषण फक्त वर्णन करतं. ‘थंड चहा’ म्हटलं की मात्र गरम चहा डोळ्यांपुढे येतो, कारण इथे विशेषण वर्णन करता करता निवड करतं, बाकीच्या चहापासून हा चहा वेगळा काढतं. दोन्ही ठिकाणी रचना तीच. फरक ऐकणाऱ्याच्या डोक्यात आधीपासून काय आहे यावर ठरतो. बर्फ थंडच असतो हे त्याला माहीत आहे, आणि चहा गरम असायला हवा हेही.

डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द फिलॉसॉफी ऑफ ग्रामर’ या ग्रंथात ही अडचण एका उदाहरणाने दाखवली आहे. उद्योगी जपानी लोक शेवटी जिंकतील असं इंग्रजीत म्हटलं, तर सगळे जपानी उद्योगी आहेत म्हणून जिंकतील, की जपान्यांपैकी जे उद्योगी आहेत तेवढेच जिंकतील? नुसत्या शब्दांवरून ते कळत नाही. जपानी माणसाबद्दल तुमचं आधीचं मत काय, त्यावर तुम्हाला अर्थ लागतो. शंभर वर्षांपूर्वीचं उदाहरण आहे, पण ‘जपानी’ काढून तिथे आपलं नाव घातलं की आजचं संपादकीय पान तयार होतं.

‘मॉडरेट मुस्लिम’ हा थंड बर्फ आहे की थंड चहा? लिहिणाऱ्याला थेट विचारलं तर तो चटकन म्हणेल, छे छे, बहुसंख्य मुस्लिम मॉडरेटच आहेत. मग विशेषण कशाला लावलं? ‘दोन पायांच्या माणसांनी पुढे यावं’ असं कुणी लिहीत नाही. जे बहुतेकांना लागू आहे ते वेगळं सांगावं लागत नाही. सांगावं लागलं, याचा अर्थ नुसतं ‘मुस्लिम’ म्हटल्यावर वाचकाच्या मनात वेगळंच काही उभं राहतं, आणि ते पुसण्यासाठी एक शब्द जादा खर्च करावा लागतो, हे लिहिणाऱ्याने गृहीत धरलेलं आहे. कौतुक विशेषणाच्या वाट्याला येतं. नामाची पत मात्र त्या कौतुकाने थोडी घसरते.

त्यात ‘मॉडरेट’ हा शब्द निवडून निवडून असा निवडला आहे की बोलायची सोय नाही. इंग्रजीत तो मोजमापाचा शब्द आहे. आपलं हवामान खातं चोवीस तासांत १५.६ ते ६४.४ मिलिमीटर पाऊस झाला की त्याला ‘मॉडरेट’ म्हणतं. त्याच्या वर जोरदार, मग अतिजोरदार. हवेच्या गुणवत्तेच्या निर्देशांकात १०१ ते २०० या टप्प्याचं नाव ‘मॉडरेट’ आहे. म्हणजे हवा दूषित आहे, दम्याच्या रुग्णाने जपावं, बाकीच्यांना चालेल. मोजली जाणारी वस्तू वाढत गेली तर धोका, आणि सध्या ती सोसण्याजोगी आहे, हा या शब्दाचा सूर. ‘मॉडरेट मुस्लिम’मध्ये मग नक्की काय मोजलं जातं? माणसातली मुसलमानीच. ती २००च्या आत असेल तर खिडकी उघडी ठेवायला हरकत नाही.

महाराष्ट्राला हा शब्द नवा नाही. १९०७ साली सुरतेत काँग्रेस फुटली तेव्हा इंग्रजी पत्रांतले ‘मॉडरेट’ आणि ‘एक्स्ट्रिमिस्ट’ मराठीत ‘मवाळ’ आणि ‘जहाल’ झाले. गोखले मवाळ, टिळक जहाल. तिथे काय मोजलं जात होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. इंग्रज सरकारशी भांडायची रीत. अर्जविनंत्या करायच्या की बहिष्कार पुकारायचा, एवढाच तो वाद. गोखल्यांना कुणी ‘मवाळ हिंदू’ म्हटलं नाही, कारण त्यांचं हिंदूपण कुणी तराजूत घातलंच नव्हतं. ‘मवाळ’ हे तिथे स्वतःच नाम होतं, एका राजकीय भूमिकेचं नाव. गंमत अशी की ‘मॉडरेट मुस्लिम’साठी मराठीत ‘मवाळ मुसलमान’ असं कुणी लिहीत नाही. ते कानाला चमत्कारिक लागतं, कारण मराठी कान लगेच विचारतो, कशाबाबत मवाळ? इंग्रजी शब्दाला हा प्रश्न कुणी विचारत नाही.

जगभर या जोडीला बाजारभाव आला तो २००१च्या सप्टेंबरनंतर. अमेरिकेत ‘रँड’ या संशोधनसंस्थेने २००७ साली मॉडरेट मुस्लिमांची जाळी कशी उभारावी यावर अख्खा अहवालच काढला. मॉडरेट कोणाला म्हणावं याच्या कसोट्या त्यात आहेत, समोरच्याला पारखण्यासाठी प्रश्नांची यादीही आहे. महमूद ममदानी यांनी त्याच्या तीन वर्षं आधीच ‘गुड मुस्लिम, बॅड मुस्लिम’ हे पुस्तक लिहून या वाटणीचा पाया उकरला होता. राजकारणातून आलेल्या भांडणाचं खापर धर्मावर फोडायचं आणि मग धर्म पाळणाऱ्यांची चांगले-वाईट अशी पाखडणी करायची, हा प्रकार त्यांनी नेमका दाखवला. तरी शब्द टिकला. सोयीचे शब्द पुस्तकांनी मरत नाहीत.

आपल्या देशात मात्र हे विशेषण त्याहून पुष्कळ जुनं आहे, फक्त शब्द वेगळा होता. ‘नॅशनॅलिस्ट मुस्लिम’. काँग्रेसबरोबर राहिलेल्या मुस्लिम नेत्यांना १९२०नंतरच्या राजकारणात या नावाने ओळखलं जाऊ लागलं. मौलाना आझाद, डॉ. मुख्तार अहमद अन्सारी ही त्यातली मोठी नावं. त्यांनी स्वतःही ते नाव स्वीकारलं, १९२९ साली त्या नावाखाली वेगळी संघटनाही उभी केली. अन्सारी १९२७च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसचे अध्यक्ष होते. तरी १९३१च्या गोलमेज परिषदेसाठी गांधीजींनी त्यांचं नाव लावून धरलं तेव्हा सरकारने त्यांना बोलावलं नाही. मुस्लिमांचे प्रतिनिधी म्हणून त्यांना गणायला सरकार तयार नव्हतं. विशेषण होतं म्हणून नाम नाकारलं गेलं. पुढे १९४० साली आझाद काँग्रेसचे अध्यक्ष असताना जीनांनी त्यांना तारेने ‘मुस्लिम शो-बॉय’ म्हणून हिणवलं. एकाच माणसासाठी दोन जोड्या. एका बाजूला तो मुस्लिम असूनही आपल्यात आला म्हणून शोभेचा, दुसऱ्या बाजूला तो तिकडे गेला म्हणून शोभेचा.

इतिहासकार ज्ञानेंद्र पांडे यांनी १९९९च्या एका निबंधात या शब्दांतली एक गोष्ट टिपली आहे. ती एकदा लक्षात आली की पुन्हा डोळ्यांआड होत नाही. इंग्रजीत ‘हिंदू नॅशनॅलिस्ट’ म्हणतात आणि ‘नॅशनॅलिस्ट मुस्लिम’ म्हणतात. क्रम उलटा. पहिल्या जोडीत शेवटचा शब्द, म्हणजे मूळ नाम, ‘नॅशनॅलिस्ट’ आहे. तो मुळात राष्ट्रवादी, हिंदू ही त्याची जात. दुसऱ्या जोडीत मूळ नाम ‘मुस्लिम’. तो मुळात मुसलमान, राष्ट्रवाद ही त्याने मिळवलेली पदवी. आणि मिळवलेली पदवी काढूनही घेता येते. ‘हिंदू नॅशनॅलिस्ट’ या शब्दाला पुढे स्वतःचा राजकीय अर्थ आला आणि आज तो बऱ्याच जणांना टोचतो, हे मान्य. पण त्या काळचे बाकीचे राष्ट्रवादी हिंदू कुठे आहेत? ते नुसते राष्ट्रवादी आहेत. त्यांना विशेषणाची गरजच लागली नाही.

ही जोडी उलगडून वाक्य केलं की कशी दिसते, ते २०१५ साली दिसलं. दिल्लीतल्या औरंगजेब रस्त्याला डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचं नाव देण्यात आलं. तेव्हाचे केंद्रीय सांस्कृतिक मंत्री महेश शर्मा यांनी त्याचं समर्थन करताना सांगितलं की, कलाम हे मुस्लिम असूनही राष्ट्रवादी आणि मानवतावादी होते. देशाच्या माजी राष्ट्रपतींबद्दल! गदारोळ झाला. पण मंत्रिमहोदयांनी वेगळं काय केलं होतं? ‘राष्ट्रवादी मुस्लिम’ या जोडीत जो ‘असूनही’ दडून बसलेला असतो, तो त्यांनी तोंडाने उच्चारला.

तेव्हापासून मी हीच कसोटी लावतो. दोन शब्दांच्या मध्ये ‘असूनही’ घालून बघायचा. कोकणी मुस्लिम? मुस्लिम असूनही कोकणी, याला काही अर्थ नाही. जोडी निर्दोष आहे, ती फक्त कुठला ते सांगते. मुस्लिम वकील, मुस्लिम शेतकरी? कुणाच्या तोंडी येतं त्यावर आहे, पण बहुधा ठीक. शिकलेले मुस्लिम, स्वच्छ मुस्लिम वस्ती, उदार मुस्लिम, देशभक्त मुस्लिम? ‘असूनही’ अगदी खाचेत बसावा तसा बसतो. ‘मराठी मुस्लिम’वर तर दोन्ही बाजूंनी प्रयोग होतो. तुम्ही मुस्लिम असूनही किती छान मराठी बोलता, हे ऐकलं नाही असा माणूस आपल्यात सापडायचा नाही. आणि उत्तरेतल्या पाहुण्यांकडून मुस्लिम असून घरात मराठी बोलता, हेही ऐकलेलं असतं.

कुणी म्हणेल, शब्दांचा एवढा कीस कशाला? चांगल्या अर्थानेच म्हणतात ना? त्यावर एक घडलेली गोष्ट सांगतो. माझ्या मेव्हण्याला पुण्यात भाड्याचं घर हवं होतं. नवराबायको दोघंही आयटीत. एजंट भला माणूस, खटपट्या. यांच्यासमोरच त्याने घरमालकाला फोन लावला. ‘सर, मुस्लिम आहेत, पण तसले नाहीत. डिसेंट मुस्लिम आहेत.’ पलीकडून काही प्रश्न आले असावेत. ‘नाही नाही, मॅडम बुरखा वगैरे घालत नाहीत. जॉबला आहेत.’ घर मिळालं. घरमालकही पुढे चांगला निघाला, ईदला शीरखुर्मा खायला आला. काही महिन्यांनी मेव्हण्याने त्याच एजंटकडे आपल्या ओळखीचा एक गॅरेजवाला पाठवला. लातूरकडचा, दाढी राखलेला, पाच वक्ताचा नमाजी, बायको बुरख्यातली. भाडं त्याला परवडत होतं, अनामत रक्कम रोख द्यायची तयारी होती. एजंटने दोन आठवडे हिंडवलं आणि शेवटी खरं सांगून टाकलं, ‘साहेब, तुमच्यासाठी फोनवर बोलायला माझ्याकडे काही नाही.’

म्हणजे त्याच्याकडे विशेषण नव्हतं. त्या गॅरेजवाल्याने आयुष्यात कुणाचं वाकडं केलेलं नाही, हे काही विशेषण होत नाही. माझ्या मेव्हण्याला जो शब्द उपयोगी पडला त्याची किंमत या माणसाने मोजली. ‘डिसेंट मुस्लिम’ ही जोडी वापरात आहे तोवर बाजूला कुठेतरी ‘तसले’ही असणारच. मग ‘तसले’ म्हणजे कोण? गुन्हेगार नव्हे. ज्याचं मुसलमान असणं रस्त्यावरून दिसतं, तो. मुंबईतल्या जाहिरातींत ‘कॉस्मोपॉलिटन सोसायटी’ अशी एक जोडी असते. ती वाचून घर शोधणारा मुस्लिम निदान तिथे फोन तरी करून बघतो. बाकीच्या जाहिरातींत काही लिहिलेलं नसतं, आणि न लिहिलेलंही त्याला वाचता येतं.

आता आपल्या घरात डोकावू. हमीद दलवाईंना आयुष्यभर दोन्हीकडून जोड्या चिकटत राहिल्या. बाहेरच्यांसाठी ते आदर्श मुस्लिम, सुधारणावादी मुस्लिम, ‘असे मुस्लिम आणखी हवेत’ मधले मुस्लिम. आपल्यातल्या अनेकांसाठी नामधारी मुसलमान. दोन्ही बाजूंनी मोजलं त्यांचं मुसलमान असणंच. ‘लाट’मधल्या कथा आणि ‘इंधन’ कादंबरी लिहिणारा चिपळूणजवळच्या मिरजोळीचा हा लेखक मराठी कथाकार म्हणून वाचायचा राहून गेला, तो असा. दलवाईंशी माझे पुष्कळ मतभेद आहेत. पण १९७० साली पुण्यात त्यांनी संस्था काढली तेव्हा नावातल्या शब्दांचा क्रम त्यांनी अचूक लावला होता. ‘मुस्लिम सत्यशोधक’. मूळ नाम सत्यशोधक, फुल्यांच्या परंपरेतलं. ‘सत्यशोधक मुस्लिम’ म्हटलं असतं तर बाकीचे मुस्लिम सत्य शोधत नाहीत असा अर्थ निघाला असता. त्यांच्यावर तो आरोप झालाच, ती गोष्ट वेगळी. रा. चिं. ढेऱ्यांनी आपल्या ग्रंथाचं नाव ‘मुसलमान मराठी संतकवी’ ठेवलं, तिथेही शेवटचा शब्द ‘संतकवी’ आहे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना कुणी उदारमतवादी मुसलमान म्हणून वाचत नाही. आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्यांच्या आवाजाने मैदानं भरली ते अमर शेख लोकांसाठी फक्त शाहीर होते. म्हणजे मराठीला हे जमतं. जमत आलेलं आहे.

नामधारी मुसलमान ही जोडी आपली, आपण बनवलेली. तशा आणखी आहेत. ‘पक्का मुसलमान’ म्हटलं की कच्चा कुठेतरी आहेच. ‘दीनदार घराणं’ हे लग्नाच्या बोलण्यात एजंटच्या ‘डिसेंट’सारखंच वापरलं जातं. आणि ‘सेक्युलर हिंदू’? ज्यांच्याबरोबर आपण वाढलो, ज्यांच्या घरी पुरणपोळी खाल्ली, त्यांची ओळख आपल्या बैठकीत करून देताना ‘हे सेक्युलर हिंदू आहेत’ असं म्हणतो तेव्हा उरलेल्या हिंदूंबद्दल आपण काय म्हटलेलं असतं? तिथेही ‘असूनही’ घालून बघावा. बसतो.

मॉडरेट या कल्पनेशीच आपलं वैर असण्याचं कारण नाही. मुस्लिम देशांनीही हा शब्द उचलला. पाकिस्तानच्या मुशर्रफांनी २००४ साली ‘एन्लाइटन्ड मॉडरेशन’ची घोषणा केली. त्याच वर्षी जॉर्डनहून ‘अम्मान संदेश’ निघाला, त्यातही मध्यममार्गावर भर आहे. मुळात मध्यममार्ग ही आपल्याला शिकवलेलीच गोष्ट आहे. सूरह बकराच्या १४३व्या आयतीत मुसलमानांना ‘उम्मते-वसत’, म्हणजे मध्यम, न्यायाने मधोमध उभी राहणारी उम्मत म्हटलं आहे. पण तिथलं विशेषण कुठल्या कामाचं आहे ते बघण्यासारखं आहे. ते सगळ्या उम्मतीला लागलेलं आहे. त्यातले काही निवडून बाकीच्यांना वगळलेलं नाही. येस्पर्सनच्या कोड्याचा पहिला अर्थ तिथे आहे. आणि ते वर्णन म्हणून आहे तितकंच कर्तव्य म्हणूनही. ज्याने अन्याय केला तो त्या वर्णनातून घसरला, आणि त्याला तसं तोंडावर सांगायला इंग्रजी पत्राच्या आमंत्रणाची वाट बघायची नसते.

मग काय म्हणायचं? माझा आग्रह एवढाच आहे की विशेषणाऐवजी क्रियापद वापरावं. अमुक बाई उदारमतवादी मुस्लिम आहेत, हे सांगून काही कळत नाही. अमुक बाई तोंडी तलाकविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या, यातून सगळं कळतं. शायरा बानो यांच्या याचिकेवर २०१७ साली निकाल लागला, तेव्हा त्या कितपत मॉडरेट आहेत हे कोर्टाने विचारलं नव्हतं. मौलानांच्या एखाद्या फतव्याला कुणी विरोध केला तर तसं लिहा, कुणी गप्प राहिला तर तेही नाव घेऊन लिहा. जबाबदारी करणाऱ्याची. ती विशेषणाच्या जातवार वाटपाने सगळ्या कौमवर पसरायची गरज नाही.

२०२५च्या वसंतात वक्फ दुरुस्ती कायद्याची चर्चा तापलेली असताना एका वाहिनीवरून मला फोन आला. संध्याकाळच्या चर्चेसाठी त्यांना एक मॉडरेट मुस्लिम हवा होता. मी म्हटलं, वक्फच्या जमिनींचे खटले वर्षानुवर्षं चालवलेले एक वकील माझ्या ओळखीचे आहेत, सात-बाराच्या उताऱ्यांसकट बोलतील, त्यांना बोलवा. पलीकडच्या मुलीने नंबर लिहून घेतला आणि विचारलं, ‘सर, ते मॉडरेट आहेत ना?’ मी सांगितलं की ते वकील आहेत. त्यांना फोन गेला नाही. त्या संध्याकाळी चर्चेला जे गृहस्थ बसले होते त्यांच्या नावाखाली पट्टीवर ‘उदारमतवादी मुस्लिम’ असं लिहिलं होतं, आणि वक्फ म्हणजे काय हे त्यांना निवेदकाने समजावून सांगितलं.